सायकलस्वारीचा श्रीगणेशा

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

मनुष्याने आजवर जी वाहने वापरली त्यांपैकी प्रत्येकाला काही ना काही खाद्य लागते. बैलाला वैरण लागते, मोटारीला पेट्रोल लागते, आगगाडीला कोळसा, डिझेल किंवा वीज लागते. सायकलीचे मात्र तसे नाही. तिचे इंजिन आणि तिचा प्रवासी एकच असतो. सकाळी खाल्लेली भाकरी हेच तिचे इंधन. म्हणूनच सायकल चालवायला शिकणे म्हणजे एका अर्थी स्वतःच्याच शरीराची ओळख करून घेणे होय, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

प्रस्तुत लेख शर्यतीसाठी नाही, की कामधंद्यासाठी सायकल वापरणाऱ्यांसाठी नाही. त्यांना माझ्यासारखीने काय शिकवावे! कोणतेही काम नसताना, केवळ मनाच्या आणि शरीराच्या आनंदासाठी सायकल चालवावी असे ज्यांना वाटते, पण सुरुवात कशी करावी हे उमगत नाही, अशा विद्यार्थी बंधु-भगिनींसाठी हा लेख आहे. मी वाई तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. गेले वर्षभर आम्ही चार मैत्रिणींनी रविवारी सकाळी सायकलवर फिरण्याचा नेम ठेवला आहे. त्यातून जे अनुभवास आले, गावच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जे समजले आणि वाचनातून जे मिळाले, ते क्रमाने मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

१. थोडा इतिहास

सायकलीचा जन्म जर्मनीत झाला. कार्ल फॉन ड्राइस या गृहस्थाने १८१७ साली मॅनहाइम शहरात दोन चाकांचे एक लाकडी वाहन चालवून दाखविले. या वाहनाला पायडलच नव्हते! स्वार त्यावर बसून दोन्ही पायांनी जमीन मागे ढकलीत असे. पुढे १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायडल बसले. मग चाक जितके मोठे तितका वेग अधिक, म्हणून पुढचे चाक पुरुषभर उंचीकडे झुकू लागले आणि सायकल म्हणजे पडण्याचे साधन होऊन बसले. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ली याने दोन्ही चाके जवळपास सारखी ठेवून चेनने मागचे चाक फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी टायरचे पेटंट घेतले. आज आपण जी सायकल चालवितो तिचा सांगाडा या दोन गोष्टींनी पक्का झाला. त्यानंतर गिअर आले, ब्रेक सुधारले, धातू हलके झाले. पण मूळ आकृती तीच राहिली.

आपल्याकडे सायकलीचा पराक्रम काही कमी नाही. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलवर जगप्रवासाला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे वाळवंटे, जंगले व पर्वत ओलांडून मार्च १९२८ मध्ये मुंबईस परत आले. त्यांच्या सायकलींना आजच्यासारखे गिअर नव्हते, हे विशेष. महाराष्ट्रात मुंबई-पुणे सायकल शर्यत अनेक दशके गाजली. बोरघाटाची चढण सर्वांत आधी चढणाऱ्या स्पर्धकाला ‘घाटांचा राजा’ हा किताब मिळे. पुणे तर एके काळी सायकलींचे शहर म्हणूनच ओळखले जाई. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २०१८ साली ठराव करून ३ जून हा दिवस जागतिक सायकल दिन म्हणून जाहीर केला आहे.

२. कामाची सायकल आणि मौजेची सायकल

येथे एका प्रश्नाला तोंड दिले पाहिजे. पुस्तकातून तो कोणी विचारीत नाही, परंतु आमच्यासारख्या घरांत तो पहिल्याच दिवशी विचारला जातो. मी पहिल्या रविवारी सायकल बाहेर काढली तेव्हा वडिलांशी झालेले बोलणे असे :

“कुठं निघालीस गं?”

“कुठं नाही, आण्णा. जरा सायकलीवर फिरून येते.”

“नुसतीच? काम नाय, काय नाय?”

या प्रश्नात राग नव्हता, नवल होते. आण्णांनी तीस वर्षे याच प्रकारच्या काळ्या, जड सायकलीच्या कॅरिअरला दुधाचे दोन कॅन लावून गावातून डेअरीपर्यंत खेपा केल्या आहेत. सकाळी एक आणि संध्याकाळी एक. ज्याने पायडल मारून संसार चालविला त्याला पायडल मारण्यात करमणूक कशी दिसावी? त्यांच्या लेखी आराम म्हणजे स्वस्थ बसणे. आणि ते बरोबरच आहे, कारण त्यांचे शरीर दिवसभर हालते.

परंतु आपली स्थिती उलटी आहे. आपण एस. टी.त बसून महाविद्यालयात येतो, बाकावर बसून तास ऐकतो, वाचनालयात बसून टिपणे काढतो आणि घरी जाऊन पुन्हा बसतो. शिक्षणाने आपल्याला बसण्याची सवय लावली आहे. आई-वडिलांनी कष्ट करून आपल्याला कष्टातून सोडविले, हे त्यांचे ऋण. पण कष्टातून सुटलेल्या शरीराला गंज चढू न देणे ही आपली जबाबदारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार १८ ते ६४ वर्षे वयाच्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम स्वरूपाचा व्यायाम करावा. सायकल हा त्याचा एक सोपा मार्ग आहे. धावताना शरीराचा भार गुडघ्यांवर आदळतो; सायकलवर तो पुष्कळसा सीटवर राहतो.

मुलींच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. पिठाच्या गिरणीत सायकलवरून जाणारी मुलगी कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण रिकाम्या कॅरिअरने गेलेली आणि रिकाम्या कॅरिअरनेच परत आलेली मुलगी मात्र चर्चेचा विषय होते. कामाशिवाय घराबाहेर पडण्याचा अधिकार मुलगे मागत नाहीत, कारण तो त्यांना जन्मतःच असतो. तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेबरोबरच हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल चालवायला शिकल्या. अक्षर आणि सायकल या दोन्ही गोष्टी माणसाला दुसऱ्यावर अवलंबून न राहता पुढे जायला शिकवितात, हे त्या चळवळीने ओळखले होते. मौजेची सायकल ही म्हणूनच दिसते तितकी क्षुल्लक गोष्ट नव्हे.

३. सायकल कोणती असावी?

नवशिक्याने पहिल्या दिवशी दुकानात जाऊन महागडी सायकल घेऊ नये. प्रथम घरात, चुलत्यांकडे, शेजारी धूळ खात पडलेली सायकल शोधावी. ती दुरुस्त करून दोन-तीन महिने चालवावी. तेवढ्यात आपल्याला हा छंद खरोखर आवडतो की नाही, आणि आपल्याला कोणत्या रस्त्यावर जायचे आहे, हे कळते. मग घ्यायचीच तर सायकलींचे ढोबळ चार प्रकार ध्यानात ठेवावेत.

पहिली आपली नेहमीची काळी, उभ्या बैठकीची सायकल. ती जड असते, पण दणकट असते, चेनला कव्हर असते, मडगार्ड आणि कॅरिअर असते, आणि कोणत्याही गावात तिचा सुटा भाग मिळतो. दुसरी डोंगराळ रस्त्याची जाड टायरची सायकल. ती खडीवर आणि मातीवर चांगली, पण डांबरी रस्त्यावर टायर ओढल्यासारखे वाटतात. तिसरी खाली वळलेल्या हँडलची, बारीक टायरची, वेगाची सायकल; तिच्यावर वाकून बसावे लागते आणि खड्ड्यांत ती दाद देत नाही. चौथी दुसरी व तिसरी यांच्या मधली, सरळ हँडलची आणि मध्यम टायरची. तिला दुकानदार ‘हायब्रीड’ म्हणतात. आपल्या भागातल्या रस्त्यांवर हौसेने फिरणाऱ्या नवशिक्याला पहिली किंवा चौथी सोयीची पडते, असे माझे मत आहे.

जुनी सायकल घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात. चाक उचलून फिरवावे. ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर ‘आऊट’ काढून घ्यावे लागेल. पायडलचा दांडा हाताने बाजूला हलवून पाहावा. खडखडला तर आतले छर्रे झिजले आहेत. सांगाड्याचे सांधे बोटाने चाचपावेत; तेथे बारीक चीर असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती सायकल घेऊ नये. बाकीच्या बहुतेक गोष्टी थोड्या खर्चात बदलता येतात. सांगाडा बदलणे म्हणजे सायकलच बदलणे होय.

४. बसण्याचे माप

बहुतेक नवशिक्यांचे गुडघे दुखतात ते सायकल चालविल्याने नव्हे, तर सीट फार खाली ठेवल्याने. योग्य उंची ठरविण्याची रीत सोपी आहे. भिंतीला धरून सीटवर बसावे. एक पायडल अगदी खाली आणून त्यावर पायाची टाच ठेवावी. अशा वेळी पाय गुडघ्यात सरळ झाला पाहिजे. मग चालविताना पायाचा चवडा पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. हीच योग्य स्थिती. चालविताना कंबर डावी-उजवीकडे हलू लागली तर सीट फार उंच झाली असे समजावे.

दांडीची सायकल असेल तर तिच्यावर दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहिले असता दांडी आणि शरीर यांत दोन-तीन बोटे अंतर राहावे. सीट जमिनीला समांतर असावी. हँडल धरताना कोपर ताठ न ठेवता किंचित वाकलेले ठेवावे. म्हणजे खड्ड्याचा हिसका खांद्यापर्यंत पोहोचत नाही.

५. तोल कसा साधतो?

ज्यांना मुळातच सायकल येत नाही त्यांनी लाजण्याचे कारण नाही. खेड्यात पुष्कळ मुले दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारीत शिकतात. पडतात, गुडघे फोडून घेतात आणि शिकतात. मोठ्या माणसाला असे पडणे परवडत नाही. त्याच्यासाठी ड्राइससाहेबाची १८१७ सालची रीतच उत्तम आहे. पान्ह्याने दोन्ही पायडल काढून टाकावीत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणून ते सोडविताना पान्हा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो, एवढे ध्यानात ठेवावे. सीट इतकी खाली आणावी की दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकतील. मग किंचित उताराच्या मोकळ्या जागेत पायांनी रेटत पुढे जावे. प्रथम पावले, मग ढांगा, मग दोन्ही पाय उचलून जमेल तितके तरंगणे. आठ-दहा सेकंद तरंगता आले की तोल आला. त्यानंतर पायडल बसवावीत. इतिहासात तोल आधी आला आणि पायडल मागून आले. शिकण्याचा स्वाभाविक क्रमही हाच आहे.

याच पद्धतीने गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या आईला शिकविले. तिचे वय त्रेचाळीस. आमच्या खळ्याच्या जागेवर, दिवेलागणीला, कोणी पाहत नाही अशा वेळी सहा संध्याकाळी आम्ही दोघी जात होतो. चौथ्या संध्याकाळी ती तरंगली. सहाव्या संध्याकाळी तिने पायडल मारले आणि खळ्याला दोन फेऱ्या घातल्या. उतरल्यावर ती एवढेच म्हणाली, “एवढंच हुतं व्हय!” या तीन शब्दांत किती वर्षांची भीती संपली, ते मला सांगता येणार नाही.

तोलाचे शास्त्र मोठे गमतीचे आहे. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल किंचित वळवले की चाके पुन्हा शरीराच्या खाली येतात आणि आपण सावरतो. हे आपण नकळत सतत करीत असतो. फिरणाऱ्या चाकांच्या भोवऱ्यासारख्या गुणामुळेच सायकल उभी राहते, असा पूर्वी समज होता. १९७० साली डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने उलट फिरणारे जादा चाक लावून तो परिणाम नाहीसा केला, तरीही ती सायकल चालविता आली. म्हणजे तोलाचा मुख्य आधार हँडल आणि स्वार हेच. यातून नवशिक्याने घ्यावयाचा धडा असा की, नजर पुढच्या चाकावर न ठेवता दहा-पंधरा मीटर पुढे ठेवावी. नजर जेथे, तेथे हँडल. खड्ड्याकडे पाहत राहिले की सायकल खड्ड्यातच जाते.

६. गिअरचे साधे गणित

गिअर या शब्दाला कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी भिऊ नये. हा चौथीचा त्रैराशिक आहे. समजा, पायडलपाशी असलेल्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चाकाच्या चक्राला १८. तर पायडलच्या एका फेरीत मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४ फेऱ्या फिरेल. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर असतो. म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.४ मीटर पुढे जाईल. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्यास तासाला सुमारे साडेएकोणीस किलोमीटर वेग होईल. सपाटीवर हे ठीक. चढावर मात्र पाय अडतात.

आता दुसरी सायकल घेऊ. पुढे २८ दाते, मागेही २८, आणि चाक २६ इंची. पायडलच्या एका फेरीत चाकाची एकच फेरी, म्हणजे सुमारे २.०७ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्यांनी तासाला जेमतेम साडेसात किलोमीटर वेग. वेग कमी झाला, पण प्रत्येक फेरीला लागणारा जोरही कमी झाला. म्हणूनच चढावर पुढचे चक्र लहान आणि मागचे मोठे ठेवावयाचे. नियम दोनच. चढ लागण्यापूर्वी गिअर बदलावा, चढ लागल्यावर नव्हे. आणि गिअर बदलताना पायडल फिरते ठेवून जोर मात्र हलका करावा. मिनिटाला ६० ते ८० फेऱ्या सहज पडतील असा गिअर नवशिक्याला योग्य. जोर लावून हळू फिरविण्यापेक्षा हलके आणि भरभर फिरविणे गुडघ्यांना मानवते.

७. पहिले सहा आठवडे

व्यायामाचा उत्साह पहिल्या आठवड्यात उतू जातो आणि दुसऱ्या आठवड्यात आटतो. म्हणून सुरुवात हाताला कमी वाटेल इतकीच करावी. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड, पुढीलप्रमाणे :

पहिला आठवडा : रोज २० मिनिटे.
दुसरा आठवडा : रोज २५ मिनिटे.
तिसरा आठवडा : रोज ३० मिनिटे.
चौथा आठवडा : दोन दिवस ३० मिनिटे, रविवारी ४५ मिनिटे.
पाचवा आठवडा : दोन दिवस ३५ मिनिटे, रविवारी १ तास.
सहावा आठवडा : दोन दिवस ४० मिनिटे, रविवारी सव्वा तास.

सहाव्या आठवड्याची बेरीज १५५ मिनिटे होते. म्हणजे वर सांगितलेला १५० मिनिटांचा टप्पा आपण गाठलेला असतो. वेग किती असावा? शेजारच्या मैत्रिणीशी पूर्ण वाक्यात बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतका. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. पहिले दोन आठवडे बैठकीच्या जागी दुखते. त्याने घाबरू नये, ते कमी होत जाते. गुडघ्यात दुखले तर मात्र सीटची उंची पुन्हा तपासावी. तरीही दुखणे न थांबल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्यांना हृदयाचा किंवा दम्याचा विकार आहे त्यांनी तो आधीच घ्यावा.

वाईकरांसाठी मार्ग सुचवावयाचे झाल्यास तिसऱ्या आठवड्यात मेणवली गाठावे. अंतर सुमारे तीन किलोमीटर. नाना फडणविसांचा वाडा, कृष्णेचा घाट, आणि वसईच्या मोहिमेतून आणल्याचे सांगितले जाते ती मोठी घंटा पाहून परत यावे. सहाव्या आठवड्यात कृष्णेच्या काठाने धोम. अंतर एका बाजूने आठ-नऊ किलोमीटर. नृसिंहाच्या देवळाशी विसावा घ्यावा. पसरणी घाटाच्या वाटेला मात्र तीन महिने तरी जाऊ नये. वाई ते पाचगणी हे अंतर बारा-तेरा किलोमीटर असले तरी तेवढ्यात साडेपाचशे मीटरहून अधिक चढ आहे. म्हणजे सरासरी शंभर मीटरला साडेचार-पाच मीटर. आम्ही चौघींपैकी दोघी तो दहाव्या महिन्यात चढलो, तीन ठिकाणी थांबून. उतरताना श्रम नसतात, पण धोका खरा तेव्हाच असतो. ब्रेक सतत दाबून न ठेवता दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. आणि वळणाच्या आत नव्हे, वळणाच्या आधी वेग कमी करावा.

८. रस्त्यावरची दक्षता

सायकलस्वाराला कायद्याने हेल्मेटची सक्ती नाही. तरी ते घालावे. आपले डोके सक्तीची वाट पाहत नाही. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटे यावे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला असावा. नेहमी डाव्या बाजूने चालावे. वळण्यापूर्वी मागे पाहून हात दाखवावा. थांबताना दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबावेत. पुढच्या ब्रेकची ताकद अधिक असते, पण तो एकदम दाबला तर मागचे चाक उचलले जाते. कोणता खटका कोणत्या चाकाचा, हे उसन्या सायकलवर बसताना आधी तपासावे.

आपल्या जिल्ह्यात उसाच्या गळीत हंगामात विशेष सावध राहिले पाहिजे. दोन दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात पुढे असले तरी कित्येकदा मागे दिवा नसतो. त्या दिवसांत उजाडल्याशिवाय निघू नये आणि दिवस मावळण्यापूर्वी परतावे. आपल्या सायकलीला मागे लाल रिफ्लेक्टर आणि पुढे दिवा असावा. पावसाळ्यात रस्त्यावरचे पांढरे पट्टे, ओली पाने आणि शेतातून आलेला चिखल यांवर वळू नये व ब्रेक दाबू नये. कुत्रे मागे लागले तर वेग वाढविण्यापेक्षा उतरून सायकल मध्ये घ्यावी आणि चालत पुढे जावे; बहुधा त्याचा उत्साह ओसरतो. मुलींनी ओढणी कमरेला बांधावी. सैल सलवारीच्या किंवा पँटच्या उजव्या पायाला चेनपाशी रबर लावावे.

९. देखभाल आणि शिदोरी

निघण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : हवा, ब्रेक, चेन. हवा किती असावी ते टायरच्या कडेला छापलेले असते. ब्रेकचे रबर झिजून त्यावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या तर बदलावे. चेन कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थोडेच थेंब द्यावेत आणि जादा तेल पुसून काढावे. तेल रिमला वा ब्रेकच्या रबराला लागता कामा नये. माझ्या सायकलीच्या मागच्या ब्रेकचे रबर झिजले होते. एके दिवशी सकाळी पाहते तो नवे रबर बसविलेले. आण्णांनी परवानगी शब्दांनी दिली नव्हती; पण त्या दिवसापासून ‘कुठं निघालीस’ऐवजी ‘हवा बघितलीस का’ असा प्रश्न येऊ लागला.

पंक्चर काढणे प्रत्येकाने शिकावे. टायर रिमवरून सोडवून ट्यूब बाहेर काढावी, तिच्यात हवा भरून पाण्यात बुडवावी. बुडबुडे येतील तेथे खूण करावी. ट्यूब कोरडी करून तो भाग पॉलिश पेपरने घासावा, सोल्यूशन लावून ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे आणि मग ठिगळ दाबून बसवावे. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून हलकेच बोट फिरवून बाभळीचा काटा काढून टाकावा. नाहीतर दहा पावलांवर पुन्हा तेच.

पाण्यासाठी तहान लागण्याची वाट पाहू नये. तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी घोट घोट प्यावे. तासाहून अधिक जाणार असाल तर गूळ-शेंगदाणे किंवा केळे बरोबर घ्यावे. उन्हाळ्यात मीठ-साखर घातलेले लिंबाचे सरबत उत्तम. बाजारात मिळणाऱ्या चमकदार पाकिटांची नवशिक्याला गरज नाही.

समारोप

थोडक्यात सांगावयाचे झाल्यास : मिळेल ती सायकल घ्या, सीटची उंची नीट लावा, थोडक्यात सुरुवात करा, हळूहळू वाढवा, आणि एखादा सोबती शोधा. एकट्याचा नेम मोडतो. चौघांचा नेम एकमेकांना सांभाळतो.

शेवटी एक सूचना करावीशी वाटते. आपल्या जिमखान्यात क्रिकेटच्या बॅटी आहेत, कॅरमचे बोर्ड आहेत. तेथेच हवेचा एक पंप, पान्ह्यांची एक पेटी आणि दोन साध्या सायकली ठेवल्या तर ज्यांच्या घरी सायकल नाही, किंवा असूनही कामावर गेलेली असते, त्यांनाही हा आनंद घेता येईल. त्यांतली एक सायकल बिनदांडीची असावी. ज्या मुलींना सायकल येत नाही त्यांना मैदानावर दुपारच्या सुट्टीत शिकविण्याची जबाबदारी आम्ही चौघी घेण्यास तयार आहोत. पायडल काढण्याचा पान्हा आमच्याकडे आहे.